आज काय विशेष?

ग्लासगोत शनिवारी किल्टचं, म्हणजे पुरुषांच्या त्या चौकडीच्या घडीदार घागऱ्याचं, कुणालाच काही वाटत नाही. सेंट्रल स्टेशनच्या काचेच्या छपराखाली थोडा वेळ उभं राहिलं तरी पाच-पन्नास किल्ट डोळ्यांखालून जातात. लग्नाचं एक वऱ्हाड गेलं. सगळ्या पुरुषांच्या किल्टची चौकडी एकच, म्हणजे एकाच दुकानातून भाड्याने आणलेले. त्यातले एक वडीलधारे गृहस्थ कमरेपुढची केसाळ पिशवी, तिला स्पोरन म्हणतात, पुन्हा पुन्हा मध्यावर आणत होते. त्यांच्या मागोमाग फुटबॉलचे शौकीन आले. वर गडद निळी जर्सी, खाली किल्ट, पायांत जाड तळव्याचे बूट. स्कॉटलंडच्या या पाठीराख्यांना टार्टन आर्मी म्हणतात. 2024 च्या युरो स्पर्धेला ते हजारोंनी जर्मनीत उतरले. संघ गटातच गारद झाला, पण म्युनिक आणि कोलोनच्या लोकांनी या घोळदार घड्यांच्या पाहुण्यांना डोक्यावर घेतलं. इथे स्टेशनात मात्र कॉफीवाला, पोलीसबाई, गाडीची वाट पाहणाऱ्या आज्या, कुणाचीही मान वळत नव्हती.

मंगळवारी माझा मावसभाऊ तसाच किल्ट घालून मला शहर दाखवायला निघाला, आणि बुकॅनन स्ट्रीट संपेपर्यंत तिघांनी विचारलं, लग्न कुणाचं?

वस्त्र तेच, माणसंही त्याच शहरातली. फक्त शनिवारचा मंगळवार झाला होता.

तो इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षं ग्लासगोत राहतो. पहिला किल्ट एका मित्राच्या लग्नासाठी शिवून घेतला. भाड्याचा न घेता अंगाचं माप देऊन, चांगल्या लोकरीचा. लग्न झालं आणि किल्ट कपाटात गेला. एवढे पैसे घातलेलं कापड वर्षभर हँगरवर लटकवून ठेवायचं, हे आमच्या मावशीच्या घरात वाढलेल्या माणसाला कसं सोसणार? एका रविवारी तो किल्ट घालून दूध आणायला गेला. मग वाचनालयात, मग बाजाराला. आता ऑफिस सोडून सगळीकडे. “ताई, पहिल्यांदा घातला तेव्हा गुडघ्यांना थंडी वाजली. दुसऱ्यांदा नाही. पण लोक मात्र दर वेळी पहिल्यांदाच पाहत असतात,” तो म्हणाला.

मला हे समजून घ्यायला वेळ लागला नाही. मी रत्नागिरीत बँकेत काम करते आणि रोज साडी नेसते. मी नोकरीला लागले तेव्हा काउंटरमागे सगळ्याच जणी साडीत असायच्या. आता नव्या मुली कुर्ता किंवा पॅन्ट घालून येतात आणि ते मला आवडतं, धावपळीला ते सोपं आहे. पण त्यांच्यातली एखादी सहज म्हणून साडी नेसून आली की सगळी शाखा विचारते, आज काय विशेष? वाढदिवस? पाहुणे येणार? बघण्याचा कार्यक्रम? ती बिचारी संध्याकाळपर्यंत उत्तरं देऊन दमते आणि पुन्हा सहा महिने साडीचं नाव काढत नाही. विचारणाऱ्यांच्या मनात प्रेमच असतं. तरी साडी कपाटात परत जाते ती त्या प्रेमामुळेच.

त्यामुळे ग्लासगोच्या रस्त्यावर आम्ही दोघं चाललो होतो ते एका अर्थी बरोबरीने. माझ्या अंगावर इरकल आणि वर पावसाचं जाकीट, त्याच्या अंगावर गडद हिरव्या-निळ्या चौकडीचा किल्ट आणि जुना स्वेटर. माझ्याकडे लोक पाहत, हसत आणि पुढे जात. परदेशातली बाई तिच्या देशाच्या कपड्यात, हे त्यांना पटण्यासारखं होतं. त्याच्याकडे पाहून मात्र ते थांबत. ग्लासगोकरांना गप्प बसता येत नाही, आणि ही त्या शहराची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. “छान दिसतोस रे, मोठ्या!” फळांच्या गाडीवरची बाई ओरडली. एक म्हातारा बसस्टॉपवरून उठून आला आणि त्याने सांगितलं की त्याचाही एक किल्ट होता, तो त्याने मुलाला दिला, मुलगा तो घालत नाही. बोलता बोलता त्याने भावाच्या किल्टचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि मान हलवली. माझ्या आजीच्या वयाच्या बायका साडीचा पदर असाच चिमटीत धरून पाहतात. कापड ओळखणाऱ्यांची ती रीत असावी. त्यांना परवानगी विचारावीशी वाटत नाही, आणि त्याचा राग येत नाही.

रॉयल एक्स्चेंज स्क्वेअरमध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू घातलेला असतो. प्रशासनाने काढला की लोक पुन्हा चढून घालतात. पर्यटक तिथे फोटो काढतात. मी मात्र बराच वेळ उभी राहिले, कारण हा वेलिंग्टन म्हणजे 1803 साली दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्यात आलेला आर्थर वेलस्ली. त्याच वर्षी सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. त्या लढाईचा आणि किल्टचा संबंध पुढे उत्तरेत भेटणार होता.

एडिनबराच्या गाडीत माझ्यासमोर बसताना भावाने जे केलं ते मी नीट पाहिलं. उजवा हात मागे नेऊन पाठीमागच्या घड्या मांडीखाली सपाट केल्या, गुडघे जवळ घेतले, स्पोरन मांड्यांच्या मध्ये सोडली आणि मग टेकला. शाळेत फ्रॉक घालायच्या वयात हीच हालचाल आईने माझ्याकडून घोटवून घेतली होती. पुरुषाच्या हातून ती होताना मी प्रथमच पाहत होते. सरकत्या जिन्यावर तो एक हात मागे ठेवतो. काचेच्या पायऱ्या दिसल्या की भिंतीकडेने जातो. आपल्याकडे कुणी पाहत असेल, याचं भान शरीराला लावून घेणं म्हणजे काय, हे बायकांना जन्मभर ठाऊक असतं. या माणसाने ते तिशीनंतर शिकून घेतलं होतं, आणि त्याची कुरकूर तो करत नव्हता.

एडिनबराची रॉयल माइल किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाते आणि त्या सगळ्या उतारावर किल्ट टांगलेले असतात. दारात स्टँडवर लटकणारे स्वस्त किल्ट कृत्रिम धाग्याचे, हलके. त्यांतले पुष्कळ पाकिस्तानात सियालकोटला शिवले जातात. तिथे बॅगपाइपही बनतात. असा किल्ट वाऱ्यावर उडतो. खरा लोकरी किल्ट एवढा जड असतो की साध्या वाऱ्याला तो दाद देत नाही. दर काही पावलांवर एक पाइपवाला पूर्ण पोशाखात उभा असतो, त्याच्यासमोर टोपी आणि टोपीत नाणी. त्याचा किल्ट कुणालाच खटकत नाही, कारण तो कामावर आहे.

भावाला इथे दुसऱ्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. अमेरिकेहून पूर्वजांची गावं शोधायला आलेल्या एका गृहस्थांनी त्याला अडवून विचारलं, तुम्ही कुठल्या क्लॅनचे? क्लॅन म्हणजे कुळ. भावाने सांगितलं, कुठल्याच नाही. ही ब्लॅक वॉचची चौकडी, ती कुणीही घालू शकतो. गृहस्थांचं समाधान झालं नाही. आपल्या कुळाची चौकडी हजार वर्षांची आहे असं त्यांनी आम्हाला समजावलं. ते मनापासून बोलत होते, डोळ्यांत पाणी होतं, म्हणून आम्ही ऐकून घेतलं. कुळागणिक ठरलेली चौकडी हा प्रकार मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला. बॅनॉकबर्नच्या विल्सन कंपनीने आपल्या नमुन्यांची वही 1819 साली तयार केली. त्यांतल्या कित्येक नमुन्यांना कुळांची नावं मिळाली. 1822 च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. त्या सोहळ्याची सूत्रं वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराच्या हातात होती. राजाने स्वतः किल्ट घातला आणि ज्या एडिनबराच्या प्रतिष्ठितांनी उत्तरेकडच्या डोंगरी लोकांच्या या वस्त्राकडे पिढ्यान्‌पिढ्या नाक मुरडलं होतं, त्यांचीही शिंप्याकडे रीघ लागली. किल्ट तेव्हा साऱ्या स्कॉटलंडचा झाला. आणि माझ्या मते त्याच आठवड्यात तो रोजच्या वापरातून उठून सोहळ्यात जाऊन बसला. राजाने जे एका प्रसंगासाठी घातलं ते पुढे प्रसंगासाठीच घालायचं ठरलं.

एका बोळातल्या शिंपीणबाईंकडे भावाचा दुसरा एक किल्ट दुरुस्तीला द्यायचा होता, म्हणून मला ते काम जवळून पाहता आलं. एका किल्टला आठ यार्ड कापड लागतं. आमची नऊवारी आठवून मी मनात सुखावले. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि बाकीचं सगळं कापड मागे घड्यांत जातं. बाई मांडीवर कापड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एक घडी घातली, टाचणी लावली, दुसरी घातली. मला वाटलं की घड्या घातल्यावर चौकडी मोडणार, रेषा कुठल्या कुठे जाणार. पण प्रत्येक घडीच्या कडेला चौकडीचा नेमका पुढचा तुकडा यावा असं त्या मोजत होत्या, आणि वीस-पंचवीस घड्यांनंतर पाठीवर पुन्हा अखंड चौकडी उभी राहिली, जणू कापड कधी मुडपलंच नव्हतं. लष्करात दुसरी पद्धत असते; प्रत्येक घडीवर एकच रेषा मध्यभागी घेतात, त्यामुळे सैनिक चालायला लागला की मधले रंग उघडतात आणि मिटतात. घड्यांची वरची शिवण सगळी हाताची, टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागत नाहीत. एका किल्टला वीसेक तास जातात. हाताने किल्ट शिवण्याची ही कला ब्रिटनमधल्या धोक्यात आलेल्या हस्तकलांच्या यादीत गेली आहे, हे त्यांनीच सांगितलं.

“लग्नाचे किल्ट माझ्याकडे कंबर वाढवायला येतात,” त्या म्हणाल्या. “याच्यासारख्यांचे झिजून येतात. मला झिजलेले आवडतात.”

भावासारखे लोक थोडे आहेत, पण आहेत. याच शहरात हॉवी निकल्सबी या किल्ट शिवणाऱ्यांच्या घराण्यातल्या माणसाने 1996 पासून डेनिमचे, ट्वीडचे, चामड्याचे, खिसे असलेले किल्ट करायला घेतले आणि स्वतः रोज किल्ट घालायला सुरुवात केली. खिसा ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. ज्या कपड्याला खिसा शिवला जातो, तो घालून माणूस कामाला जाणार आहे असं धरलेलं असतं.

त्या संध्याकाळी ग्रासमार्केटमध्ये जे झालं ते लिहायलाच हवं. किल्ल्याच्या कड्याखालचा हा लांबट चौक, दोन्ही बाजूंना पब, बाहेर टेबलं. लग्नाआधीची मौज करायला आलेल्या मुलींचा एक घोळका गुलाबी पट्टे खांद्यावर घालून जात होता. त्यांच्यातल्या एकीने भावाला तो ठरलेला प्रश्न विचारला, आत काय घातलंयस? हा प्रश्न किल्ट घालणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. लहान पोरं, टॅक्सीवाले, दुकानातल्या बायका, सगळे. भाऊ हसला आणि पुढे निघाला. तेवढ्यात दुसरीने मागून येऊन किल्ट वर उचलला. सगळ्या खिदळल्या, एकीने फोन पुढे केला होता.

मी मध्ये उभी राहिले. माझं इंग्रजी बँकेतलं आहे, रागावण्याचं नाही. पण मी त्या मुलीला म्हटलं की माझ्या साडीला एखाद्या पुरुषाने असा हात घातला असता तर तू काय केलं असतंस? ती गोरीमोरी झाली. सॉरी म्हणाली, मला म्हणाली. त्याला म्हणायला तिला सुचलं नाही.

“ताई, जाऊ दे. पुरुषाने हे हसून घ्यायचं असतं,” भाऊ म्हणाला.

हे वाक्य मी उलट्या बाजूने किती ऐकलं आहे! एसटीत, जत्रेच्या गर्दीत, कॉलेजच्या जिन्यावर. जाऊ दे, मनावर घेऊ नकोस, गंमत केली असेल. गंमत म्हणजे ज्याच्या अंगाला हात लागतो त्यालाही हसू येतं ती. इन्व्हरनेसमधल्या एका पबमध्ये 2017 साली वेटर मुलांनी किल्ट घालणं बंद केलं होतं, कारण हातात ताटं असताना बायका किल्ट उचलून पाहत. कपड्याखाली कॅमेरा नेऊन फोटो काढणं हा स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे आणि कायद्याने त्यात बाई-पुरुष असा भेद केलेला नाही. कायद्याला जे कळलं ते चौकातल्या लोकांना अजून कळायचं आहे. पुरुषाच्या अब्रूला धक्का लागत नाही असं आपण सगळे जगभर धरून चालतो, आणि म्हणून पुरुषही पॅन्टच्या दोन नळ्यांतून बाहेर पडायला धजत नाहीत, असं मला त्या रात्री वाटलं आणि अजून वाटतं.

उत्तरेकडे गाडी डोंगरांत शिरली की झाडी कमी होत जाते आणि नजर लांब पोचते. इन्व्हरनेसला आम्ही कलन स्किंक नावाचं सूप घेतलं. धुरावलेला हॅडक मासा, बटाटा आणि दूध. मासे आणि दूध एकत्र खाल्लं तर अंगावर कोड उठतं हे ऐकत मी वाढले. पहिला चमचा तोंडात घालताना आजीचा चेहरा समोर आला, आणि दुसऱ्या चमच्याला मी तिला मनातल्या मनात बोलावून शेजारी बसवलं, इतकं ते चवदार होतं. खानावळीच्या मालकीणबाईंनी भावाच्या किल्टबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्या चपलांकडे बघून मात्र, बाहेर पाऊस आहे, पायमोजे देऊ का, असं विचारलं.

कलोडन तिथून जवळ. 16 एप्रिल 1746 रोजी या माळावर ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डोंगरी फौजेचा तासाभरात चुराडा झाला. आता तिथे हेदरची झुडपं, वाऱ्यावर फडफडणारी निळी आणि लाल निशाणं, कोणाची फळी कुठे होती ते दाखवणारी, आणि कुळांची नावं कोरलेले दगड. लढाईनंतर सरकारने जो कायदा केला त्यात शस्त्रांबरोबर कपडेही होते. 1 ऑगस्ट 1747 पासून पुरुषांना आणि मुलांना डोंगरी पोशाख घालायला बंदी. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं हद्दपारी. फौजेतल्या सैनिकांना मात्र मुभा होती. म्हणजे घरी शेतात जाताना जो किल्ट गुन्हा होता, तोच राजाच्या लढाईत वर्दी होता. 1782 साली बंदी उठली तोवर एक अख्खी पिढी पॅन्ट घालून मोठी झाली होती.

त्या माळावर मला आपलं धोतर आठवलं. 2014 साली चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना दारातून परत पाठवलं आणि त्याच वर्षी तमिळनाडूला असा मज्जाव बेकायदा ठरवणारा कायदा करावा लागला. तिथे निदान वेष्टी नेसून क्लबात जाणारे न्यायमूर्ती तरी होते. महाराष्ट्रात धोतरावर सरकारने कधी बंदी घातली नाही. तरी माझ्या वडिलांनी ते लग्नानंतर नेसलं नाही, आणि माझ्या भाच्याने त्याच्या लग्नात इलॅस्टिक लावून शिवलेलं तयार धोतर पाय घालून चढवलं. त्याला सगळे म्हणाले, किती छान दिसतोस, रोज नेसत जा. दुसऱ्या दिवशी तो धोतर नेसून बाजारात गेला असता तर त्याच लोकांनी त्याला विचारलं असतं, हे काय रे? एखादं वस्त्र घालवायला कायदा लागत नाही. त्याचं फार कौतुक केलं तरी पुरतं.

फोर्ट जॉर्ज हा कलोडननंतर डोंगरी लोकांना धाकात ठेवायला समुद्रकाठी बांधलेला किल्ला. आत हायलँडर्स संग्रहालय आहे. तिथल्या काचेच्या कपाटांसमोरून जाताना मला हत्ती दिसला, लहानसा, धातूचा, आणि त्याच्यावर लिहिलेलं ‘असई’. 78 व्या हायलँडर्स पलटणीचं ते मानचिन्ह. असईच्या लढाईत केळणा नदीच्या बाजूला डाव्या टोकाला ही किल्ट घातलेली पलटण होती. सप्टेंबरातल्या मराठवाड्याच्या चिखलात, ज्वारीच्या रानांत, या लोकरीच्या जड घड्या. ज्यांच्या आजोबांना किल्टसाठी तुरुंग दाखवला गेला त्यांची नातवंडं किल्ट घालून आमच्या माणसांवर संगिनी रोखून आली. समोर शिंद्यांच्या कवायती फौजेतले तोफखान्याचे लोक होते, आपापल्या तोफांपाशी उभे राहून मेलेले. मला त्या कपाटासमोर कुणाचाच पक्ष घेता आला नाही. भाऊ शेजारी उभा होता, त्याच्या अंगावरही लष्करी चौकडी. तो म्हणाला, “ताई, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी हा किल्ट भाजी आणायला घालतो. फौजेतून त्याला बाहेर काढायचंय.” मी त्याच्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं मी त्याचा हा हट्ट हौस समजत होते.

इन्व्हरनेसहून पश्चिमेला काइलकडे जाणारा रेल्वेरस्ता सरोवरांच्या कडेकडेने जातो. लॉख कॅरनच्या काठाने गाडी वळणं घेते तेव्हा खिडकीतून पाणी इतकं जवळ असतं की बगळ्याचे पाय मोजावेत. आम्ही प्लॉक्टनला उतरलो. एका बाजूला पांढरी घरं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि काठावर न्यूझीलंडहून आणून लावलेली माडासारखी दिसणारी झाडं. त्या थंडीत ती झाडं बघून मला रत्नागिरीची खाडी आठवली नसती तरच नवल.

धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ कोळंबी धरायचे पिंजरे दुरुस्त करत बसले होते. अंगात भोकं पडलेला स्वेटर, पायांत रबरी गमबूट, आणि मध्ये किल्ट. त्याचा मूळ रंग सांगता येणार नाही इतका तो विटलेला, खालची कड विरलेली, मागे एका घडीवर दुसऱ्याच कापडाचं ठिगळ. वाटेने जाणारे येणारे त्यांना पावसाबद्दल दोन शब्द बोलून पुढे जात होते. पोस्टमनने पत्र दिलं. एका बाईने कुत्रं त्यांच्यापाशी सोडलं आणि ती दुकानात गेली. किल्टकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

आमच्या मिरकरवाडा बंदरावरच्या मासेवाल्या मावश्यांची नऊवारी अशीच असते. कासोटा घट्ट, पदर खोचलेला, पाण्याने भिजलेली, माशांच्या खवल्यांनी चमकणारी. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नथ आणि गॉगल घालून मोटारसायकलवर बसणाऱ्या मुलींच्या नऊवारीचे फोटो पेपरात येतात, आणि मुली सुंदर दिसतात, त्यांचा आनंद खराच असतो. पण नऊवारी चालते कशी, ती पाण्यात उतरते कशी, ओझं घेऊन चढ चढते कशी, हे त्या मावश्यांना ठाऊक. त्यांची पिढी उठली की ते ठाऊक असणारं कुणी उरणार नाही. म्हणून मी बँकेत साडी नेसते, रोज, कुणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी.

भाऊ त्या गृहस्थांशी बोलायला बसला. गुडघ्यांवर बसणाऱ्या बारीक चावऱ्या माश्यांना काय लावायचं, भिजलेला किल्ट वाळवायचा कसा, घड्या मोडू नयेत म्हणून टाके घालून ठेवायचे की गादीखाली दाबायचे, अशी दोघांची बोलणी चालली होती. तेवढ्यात खाडीवरून वाऱ्याचा झोत आला आणि माझा पदर सरळ जाकिटातून सुटून उडाला. मी तो धरला, कमरेशी खोचला.

म्हाताऱ्याने हातातली सुतळी खाली ठेवली. “खालून वारा आला तर?” त्यांनी मला विचारलं. “एवढं कापड, आणि पट्टा नाही, बक्कल नाही. कशावर धरून राहतं हे सगळं?”

मी त्यांना परकराची नाडी दाखवली, निऱ्या कशा आत जातात ते हाताने घालून दाखवलं, आणि मांडवीच्या धक्क्यावर पावसाळी वारा सुटला की निऱ्यांचं खालचं टोक दोन पायांत कसं धरायचं तेही. त्यांनी ते उभं राहून स्वतःच्या किल्टवर करून पाहिलं, पाय जवळ घेऊन, आणि म्हणाले की बोटीवर याचा काही उपयोग नाही, पण चर्चच्या पायऱ्यांवर चालेल.